चौकोन केवढा घ्यायचा, सर?

सर, परवा शुक्रवारी आपल्या विभागप्रमुखांनी दारातूनच विचारलं, "मॅडम, चौकोन केवढा धरायचा ते ठरलं का?" मी म्हणाले, "सोमवारी सांगते." आणि सवयीनं तुमच्या टेबलाकडे वळून पाहिलं. तुम्ही "हातभर" म्हणाल, मी "वीतभर" म्हणेन, साहेब कपाळाला हात लावून निघून जातील आणि आजचं उद्यावर ढकललं जाईल, असं वाटलं. तुमच्या खुर्चीवर कुणीतरी बियाण्याच्या पिशव्या ठेवल्या होत्या. साहेबांनी माझी नजर कुठं गेली ते पाहिलं आणि ते निघून गेले.

खरं सांगते, उत्तर तेव्हा माझ्या पर्समध्ये होतं. आदल्या दिवशीच वाफा मोजून झाला होता, आणि आकडे माझ्या बाजूचे होते. इतकी वर्षं तुमच्याशी भांडले, शेवटी वीतच जिंकली. तरी माझी जीभ रेटेना. तुम्ही असता तर म्हणाला असता, "मॅडम, जिंकल्यावरसुद्धा तुम्हाला घोर लागतो." लागतो, सर. लागलाच आहे.

तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी रोपवाटिकेत पाणी देत होते. वहिनींचा भाऊ नांदेडहून बोलत होता. मी हातातलं तसंच टाकून गाडीत बसले. लातूर सुटलं, नांदेड आलं, तिथून बिलोलीच्या बाजूला तुमच्या गावाचा रस्ता लागला, आणि सगळा वेळ माझ्या डोक्यात एकच, की पाण्याचा कॉक मी बंद केला का? रडू येत नव्हतं. कॉक आठवत होता. तुमच्या अंगणात तुम्हाला न्यायची तयारी चालली होती आणि मी भिंतीकडे तोंड करून मुकादम सुलोचनाबाईंना फोन लावला, "पाणी बंद केलं का हो?" बायका माझ्याकडे बघत राहिल्या. मग पलीकडून "हाव मॅडम, केलं की तवाच" असं ऐकलं आणि मग मात्र मला रडू आवरेना.

नंतर तुमचे चुलते ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसले. म्हणाले, "पोरी, आमचा गंगाधर तिथं करायचा तरी काय? आम्हाला सांगायचा तर चौकोन चौकोन म्हणायचा." आता अशा वेळी काय सांगणार? पण त्यांना ऐकायचं होतं. मी म्हणाले, काका, वांग्याची, टोमॅटोची, मिरचीची रोपं करतो आम्ही. कुठलं खत बरं, बियाण्याला काय लावलं तर बरं, हे बघायचं तर वाफ्याचे चौकोन पाडावे लागतात. ह्या चौकोनाला हे, त्या चौकोनाला ते. चौकोन फार लहान घेतला तर एखादं ढेकूळ, एखादा किडा सगळा निकाल फिरवतो. फार मोठा घेतला तर एकाच चौकोनात दोन तऱ्हेची जमीन येते, शिवाय वाफ्यात चौकोनच थोडे बसतात. सर म्हणायचे, हातभर घ्या. मी म्हणायचे, वीतभर घ्या पण पुष्कळ घ्या.

"आन् मग? कुणाचं खरं निघालं?"

"अजून ठरायचं होतं."

म्हातारा म्हणाला, "ठरवा मग. त्याला अर्धं ताट ठेवलेलं खपायचं न्हाई." तेव्हापासून ते वाक्य माझ्या मानगुटीवर बसलं आहे.

लोकांना आपलं भांडण पोरखेळ वाटायचं, आणि कधीकधी मलाही. चहा येई, तुम्ही बशीत ओतत ओतत सुरुवात करायचा, "मॅडम, तुमच्या वितीत एक मुंगळ्याचं बीळ निघालं की झाला तुमचा प्रयोग." मी म्हणायची, "सर, तुमच्या हाताच्या चौकोनात एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला सावली. मोजता काय, खताला की सावलीला?" मग तुम्ही खिडकीतून बाहेर बघायचा. ह्याचा अर्थ मुद्दा लागला. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा बशी, पुन्हा मुंगळा. मी नवीन आले तेव्हा बैठकीत माझा आवाज फुटायचा नाही. त्या पहिल्याच हिवाळ्यात तुम्ही सगळ्यांसमोर मला खोडून काढलंत आणि वर म्हणालात, "आता तुम्ही मला खोडा. मी वाट बघून राहिलो." मी खोडलं. कसं कोण जाणे, पण खोडलं. बाकीचे मला सांभाळून घ्यायचे, तुम्ही भांडलात. त्याबद्दल तुमचे आभार कधी मानले नाहीत, कारण भांडणातून वेळच मिळाला नाही.

आणि ते कुलूप. रोज संध्याकाळी रोपवाटिकेचं दार लावून मी गाडीपर्यंत जायची आणि परत फिरायची, कुलूप नीट लागलं का बघायला. तुम्ही वैतागायचा. मग एक दिवस स्वतःच जाऊन कुलूप ओढून आलात. "मॅडम, लागलंय. मी ओढून बघितलं." पुढं रोज तेच. मी स्वतः दहादा ओढलं तरी माझा विश्वास बसत नाही, तुमच्या त्या एका वाक्यावर बसायचा. आता मी ओढते, गाडीपर्यंत जाते, परत येते, पुन्हा ओढते.

ह्या वादावर तोड शेवटी तुम्हीच काढलीत. दिवाळीच्या आधी म्हणालात, "आता बोलणं पुरं. वाफा एकसारखा पेरू." एक उंच, लांब गादीवाफा, सगळीकडे वांगं, एकच वाण, एकाच दिवशी, सारखंच खत, सारखंच पाणी. त्यावर सुतळीनं वितीवितीचे चौकोन. काही करायचं नाही, फक्त वाढू द्यायचं आणि मग एकेक चौकोन वेगळा मोजायचा. सगळं सारखं दिलं असूनही इथं कमी तिथं जास्त असं जे येईल, ते जमिनीचं. मग कागदावर शेजारचे दोन चौकोन जोडायचे, चार जोडायचे, आणि कुठल्या मापाला हा चढउतार शांत होतो ते पाहायचं. वितीला शांत झाला तर माझं खरं, हाताला झाला तर तुमचं. सुलोचनाबाईंनी विचारलं होतं, "काहीच करायचं न्हाई, तर मग प्रयोग कशाचा ओ साहेब?" तुम्ही म्हणालात, "जमिनीला आधी बोलू द्यायचं, सुलोचनाबाई. आपण मधी बोलायचं न्हाई."

मग तो शनिवार. तुम्ही नांदेडची गाडी पकडायच्या घाईत होतात, खांद्याला पिशवी, पिशवीत वहिनींसाठी सीताफळं. जाता जाता मला हाक मारून वाफ्यापाशी नेलंत. रोपं बोटभर झाली होती. पाण्याच्या टाकीकडचा कोपरा पिवळा पडला होता, मधे मधे विरळ, काही ठिकाणी नुसती माती. तुम्ही बोट दाखवलंत. "बघून घ्या मॅडम. ह्याच कोपऱ्यात तुमची वीत मरणार हाय." मी म्हणाले, "सोमवारी बोलू." तुम्ही हात हलवून गेलात. आपलं शेवटचं बोलणं एवढंच. मी काहीतरी चांगलं उत्तर द्यायला हवं होतं असं मला सारखं वाटतं. उत्तर तसं सुचलंही नव्हतं.

तुमच्या गावाहून आल्यावर मी काही दिवस त्या वाफ्याकडे फिरकले नाही. लांबून हिरवा दिसत होता, पाणी वेळेवर मिळतंय एवढं विचारून घ्यायची. मोजायची वेळ झाली तेव्हा गुरुवारी गेले. चौकोनामागून चौकोन मोजत गेले, उंची घेत गेले. आधी बरं वाटलं. मग जरा जास्तच बरं वाटलं. टाकीकडच्या कोपऱ्यात आले तर तो बाकीच्या वाफ्यासारखाच हिरवागार, भरलेला. पिवळं पान औषधाला नाही. खोलीत येऊन आकडे मांडले. चढउतार वितीलाच शांत. दोन जोडा, चार जोडा, फरक पडेना. मी एकटीच हसले, तुमच्या टेबलाकडे बघून म्हणाले, "घ्या." आणि लगेच आकडे पुन्हा तपासले. जमीन एवढी शांत कधी असते का? तुम्ही बोट दाखवलं होतं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. का त्या दिवशी दुपारचं ऊनच तसं पिवळं होतं? तुम्ही गेल्यापासून माझा माझ्या आठवणीवरही भरवसा उरलेला नाही.

शुक्रवारी साहेब गेल्यावर मी सुलोचनाबाईंना गाठलं. आपल्या रोपवाटिकेतल्या बायकांची ती मुकादम, तुम्हाला माहीतच आहे, कधी नजर चुकवत नाही. त्या दिवशी चुकवली. म्हणाली, "रागाला येऊ नका मॅडम. आम्ही भरल्या नांग्या."

तुम्ही गेल्याच्या तिसऱ्या दिवशी बायकांनी मिळून तो कोपरा भरून काढला होता. दाट ओळीतली रोपं काढून विरळ जागी लावली, मुळाशी शेणखताचं पाणी घातलं, वरून दोन दिवस ओलं गोणपाट टाकून सावली केली. शेतात कुणीही करतं तसंच. फक्त ह्या वाफ्यात ते करायचं नव्हतं. मी विचारलं, "अहो, पण का? सरांनी सांगितलं होतं ना, मधे काही करायचं नाही?"

"सांगितलं व्हतं. पर तवा साहेब व्हते." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "तेराव्यानंतर घरची माणसं इथं येणार. त्यांच्या हातचा शेवटचा वाफा, आन् त्याला असं टक्कल पडलेलं. कसं दाखवावं? रिकामं भांडंसुद्धा आपण कुणाला परत देत न्हाई, मॅडम. ह्यो तर वाफा."

माझ्या आईनंही शेजारणीची वाटी कधी रिकामी परत केली नाही, घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची. मी विचारलं, कुठली रोपं भरलेली, कुठली मूळची, ते सांगता येईल का? त्या वाफ्यापाशी सगळ्याजणी जमल्या, वाकून वाकून पाहिलं, एकीनं एक दाखवलं, दुसरी म्हणाली ते न्हाई, हे. शेवटी सुलोचनाबाई म्हणाली, "मन लावून लावली ओ. आता ओळखू येत न्हाईत." मला राग आला होता, सर. भयंकर आला होता. पण तो कुणावर काढायचा तेच कळेना. मी "बरं" म्हणून खोलीत आले आणि पर्समधला कागद काढून बघत बसले. एवढा सुंदर निकाल मी आयुष्यात पाहिला नव्हता.

मग सुरू झालं माझं नेहमीचं. कुणाला कळणार आहे? साहेबांना आकडा हवा आहे. हंगाम चालला आहे, पुन्हा पेरलं तर टोमॅटो आणि मिरचीचे प्रयोग ह्या हिवाळ्यात होणार नाहीत. आणि वीत कदाचित खरोखरच बरोबर असेल, मी काही उगाच भांडत नव्हते. पण चुकली तर? त्या मापावर आपण खतं ठरवणार, ती मुदखेडपासून बिलोलीपर्यंतच्या रोपवाटिका वापरणार, आणि कुठल्या तरी गावात एखाद्याची रोपं माना टाकतील. ती का टाकली ते कुणालाच कळणार नाही, फक्त मला कळेल. मी कुलूप लागलं का बघायला परत फिरणारी बाई. हे मी कुठवर सोबत घेऊन फिरू?

काल शनिवारी वहिनी आल्या. भाऊ गाडी घेऊन बाहेर थांबला. तुमच्या खोलीतलं सामान काय, स्टीलचा डबा, छत्री, ते भोकाचं स्वेटर, चपला. त्यांनी सगळं पिशवीत भरलं आणि म्हणाल्या, "तो वाफा दाखवता का?"

बायका डोक्यावर पदर घेऊन ओळीनं उभ्या राहिल्या. वहिनी वाफ्याच्या कडेला बसल्या. रोपांवरून तळवा फिरवला, लेकराच्या डोक्यावरून फिरवतात तसा. "किती एकसारखी आलीत," म्हणाल्या. सुलोचनाबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "हो वहिनी, छान आलीत." ते खोटं नव्हतं.

मग त्या आपल्याशीच हसल्या. "घरी जेवायला बसले तरी हेच ओ. ताटात भाताचे चौकोन पाडायचे, आन् मला विचारायचे, कुठला खाऊ. त्या शनिवारी पण जेवताना तुमचंच काढलं." मी विचारलं, काय म्हणाले? "म्हणले, मॅडमच्या वितीत दम हाय. मी हरून राहिलो बहुतेक. पर तिला आताच सांगणार न्हाई, लई चढून बसंल."

सर, मी हसले आणि तिथंच वाफ्याच्या कडेला बसून रडले. वहिनींनी माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणजे कुणी कुणाला धीर द्यायचा तेही मी उलटं करून टाकलं. पण मला सांगा, त्याच दिवशी दुपारी तुम्ही मला पिवळा कोपरा दाखवून गेला होतात ना? "तुमची वीत मरणार हाय" म्हणालात आणि घरी जाऊन हरलो म्हणालात. खरं कुठलं? मला घाबरवत होतात की स्वतःला धीर देत होतात? हे विचारायला आपला सोमवार कधी आलाच नाही. आता आकडे माझ्या बाजूचे, तुमचा शब्दही माझ्या बाजूचा. वीत लिहून द्यायला कुणाची आडकाठी राहिली नव्हती, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटायला लागली.

वहिनींनी थोडी रोपं मागितली, गावाकडच्या परसात लावायला. मी म्हणाले, थोडी कशाला, सगळी न्या. सुलोचनाबाई दचकली. पण बायकांनी भराभर जुड्या बांधल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या, गाडीची डिकी भरली. वहिनी म्हणाल्या, "एवढी? गावात वाटावी लागतील." मी म्हणाले, वाटा. तुमच्या चुलत्यांना पहिली जुडी द्यायला सांगितली आहे. त्यांच्या दारात वांगी लागली तरी अर्धं ताट भरेल.

आज रविवार. सुट्टी असून बायकांना बोलावलं, आल्या. माती भुसभुशीत केली, तेच बी घेतलं, तीच सुतळी ताणली. वितीवितीचे चौकोन पाडले आणि वाफा पुन्हा एकसारखा पेरला. साहेबांना विचारलेलं नाही. उद्या सांगेन, तेव्हा ते काय म्हणतील ह्याचा विचार सकाळपासून चालला आहे. हंगाम घालवला म्हणतील. म्हणू देत. तुम्ही असता तर माझ्या बाजूनं बोलला असता, आणि मग बाहेर आल्यावर माझ्याशीच भांडला असता.

पेरून झाल्यावर हात धुताना मी म्हणाले, "सुलोचनाबाई, ह्या वेळी नांग्या भरायच्या नाहीत."

"आन् टाकीकडं पुन्हा टक्कल पडलं तर?"

"पडू द्यायचं."

"बघवायचं न्हाई ओ, मॅडम."

"मलाही बघवणार नाही. तरी राहू द्यायचं."

तिनं मान हलवली. पटलं नव्हतं, पण मान हलवली.

तुम्हाला एक सांगायचं राहिलं. नुसत्या प्रामाणिकपणानं मी पुन्हा पेरलं असं समजू नका, तेवढी थोर मी नाही. शुक्रवारी तो कागद हातात घेतला तेव्हा मला कळलं, की हे एकदा लिहून दिलं की आपला वाद संपला. मग मी चहा घेताना कुणाशी बोलणार होते? आता निदान महिनाभर तरी तुम्ही हात म्हणता आणि मी वीत म्हणते.

संध्याकाळी दार लावलं. कुलूप ओढलं, गाडीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा ओढलं. मग तिथंच उभी राहून मोठ्यानं म्हणाले, "मॅडम, लागलंय. मी ओढून बघितलं." माझ्याच आवाजात ते काही खरं वाटलं नाही. तरी घरी आले.